ड्रॉइंगमधल्या गायब रेषेचं उत्तर अडीचशे वर्षांपूर्वी शोधणारा फेरीवाल्याचा मुलगा : गास्पार मोंज

एका जाड प्लेटमध्ये एम-८ चा बोल्ट बसवलाय. कॅडमध्ये असेंब्ली तयार झाली, ड्रॉइंग काढायला घेतलं आणि लक्षात आलं की बोल्टच्या दांडीच्या दोन्ही कडा गायब आहेत. डोकं दिसतंय, प्लेट दिसतेय, पण आत गेलेला भाग कुठे आहे याचा कागदावर पत्ताच नाही.

मॉडेल बिघडलेलं नसतं. बोल्टची दांडी सरळ ८ मिलिमीटर व्यासाची काढलेली असते आणि भोक टॅप मारण्याआधीचं, म्हणजे ६.८ मिलिमीटरचं असतं. वर्कशॉपमध्ये बोल्टचे आटे भोकाच्या आट्यांत बसतात. कॉम्प्युटरला मात्र आटे दिसत नाहीत. त्याच्या हिशेबानं एक भरीव वस्तू दुसऱ्या भरीव वस्तूच्या पोटात शिरलेली असते. ठोकून बसवायची पिन असो, बेअरिंग असो, जिथे मुद्दाम थोडं घट्ट माप ठेवलेलं असतं तिथे हेच होतं.

सॉफ्टवेअर प्रत्येक भागाच्या कडा घेतं आणि त्यांच्यापुढे काय आहे ते पाहून कोणती कड दिसेल, कोणती लपेल ते ठरवतं. जी कड दुसऱ्याच्या धातूच्या आत बुडालीय ती ना धड दिसणारी, ना धड कशाच्या मागे लपलेली. म्हणून ती गाळली जाते. शिवाय दोन पृष्ठभाग एकमेकांना जिथे छेदतात ती रेषा तर दोघांपैकी कोणाच्याच मॉडेलमध्ये नसते. ती बोल्टची नाही आणि प्लेटचीही नाही.

उपाय सोपा आहे. उदाहरणार्थ, ऑटोडेस्क इन्व्हेंटरमध्ये ड्रॉइंग व्ह्यूच्या डिस्प्ले ऑप्शन्समध्ये इंटरफेरन्स एजेस नावाचा पर्याय असतो. तो सुरू केला की गाळलेल्या कडा परत येतात. त्याआधी असेंब्लीत इंटरफेरन्सची तपासणी करून घेतलेली बरी. भाग मुद्दाम घट्ट ठेवलाय की कोणी चुकीचं माप टाकलंय हे तिथे कळतं. माप चुकलं असेल तर ड्रॉइंगवर रेषा आणून काय उपयोग, मॉडेलच दुरुस्त करायला हवं.

पण या छोट्याशा टिकमार्कच्या मागे एक जुना प्रश्न आहे. दोन घन वस्तू एकमेकींत शिरल्या तर त्यांचे पृष्ठभाग नेमके कुठे भेटतात? आणि ती रेषा सपाट कागदावर बिनचूक कशी काढायची?

या प्रश्नाला सर्वसाधारण, कोणालाही शिकवता येईल असं उत्तर ज्यानं दिलं, त्याला सैन्याच्या शाळेत अधिकारी म्हणून प्रवेशच मिळू शकत नव्हता. कारण त्याचा बाप उमराव नव्हता.

बोन गावचा नकाशा

गास्पार मोंजचा जन्म ९ मे १७४६ चा, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी. वडील जाक मोंज फिरून माल विकणारे छोटे व्यापारी. घरात पैसा बेताचाच, पण मुलांनी शिकावं ही हौस मोठी. गास्पार गावातल्या ओरॅटोरियन पाद्र्यांच्या शाळेत शिकला आणि सोळाव्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी लिऑनला गेला. तिथे त्याची चुणूक पाहून वर्षभरातच त्याला भौतिकशास्त्र शिकवायला लावलं. विद्यार्थी सतरा वर्षांचा आणि मास्तरही सतरा वर्षांचा, असा प्रकार.

१७६४ मध्ये तो गावी परतला आणि त्यानं एक उद्योग केला. अख्ख्या बोन गावाचा मोठ्या प्रमाणातला नकाशा काढला. मोजणीची पद्धत त्याची, उपकरणंही त्यानंच बनवलेली. हा नकाशा लष्करी इंजिनिअरिंगमधल्या एका अधिकाऱ्याच्या पाहण्यात आला. मुलगा कामाचा आहे हे त्यानं ओळखलं आणि मेझिएरच्या शाही इंजिनिअरिंग शाळेसाठी त्याची शिफारस केली.

मेझिएर म्हणजे त्या काळातली किल्ले बांधणाऱ्या इंजिनिअरांची नामांकित शाळा. बापलेकांना आनंद झाला असणार. पण तिथे गेल्यावर खरी गोष्ट समोर आली. अधिकारी होण्याचा मार्ग खानदानी घरातल्या मुलांसाठी होता. फेरीवाल्याच्या पोराला जागा मिळाली ती शाळेला जोडलेल्या कारागीर विभागात. तिथे दगड कसे घडवायचे त्याचे आराखडे काढायचे, प्लास्टरचे नमुने बनवायचे, नकाशे स्वच्छ करून द्यायचे. आजच्या भाषेत ड्राफ्ट्समनचं काम.

त्याचा हात फार चांगला होता आणि त्याबद्दल कौतुकही व्हायचं. पण कौतुक फक्त हाताचं होतं. डोक्याचा कोणी विचारही करत नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं. आपणच काढलेली ड्रॉइंग्ज फाडून टाकावीत असं अनेकदा वाटायचं, असं तो पुढे सांगत असे.

जे उत्तर बघायलाच नकार मिळाला

मेझिएरला येऊन वर्षभर झालं असेल. मोंजकडे एक काम आलं. एका तटबंदीचा आराखडा करायचा होता. अट अशी की आजूबाजूच्या उंचवट्यांवरून शत्रूला आतले सैनिक दिसता कामा नयेत, आणि त्याच्या तोफेच्या माऱ्यातही येता कामा नयेत. म्हणजे भिंत कुठे किती उंच ठेवायची हे ठरवायचं. भिंत कमी पडली तर माणसं मरणार, जास्त झाली तर पैसा आणि मजुरी वाया.

प्रचलित पद्धत अशी होती की परिसरातल्या एकेक बिंदूची उंची घ्यायची, एकेक दृष्टिरेषा तपासायची आणि आकडेमोड करत बसायचं. मोंजनं आकडेमोड बाजूला ठेवली आणि सगळा प्रश्न भूमितीनं सोडवला. आसपासच्या टेकड्यांना नुसतं टेकून जाणारं एक कल्पित सपाट पृष्ठ कागदावर पकडलं की त्याच्या खाली येणारं सगळं सुरक्षित. हे पृष्ठ त्यानं रेघा मारून शोधलं.

उत्तर इतक्या लवकर आलं की अधिकाऱ्यानं ते तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात आकडेमोड होणं शक्यच नाही, तेव्हा पोरानं काहीतरी ठोकून दिलं असणार, असा त्याचा सरळ हिशेब. मोंज हटला नाही. आपण आकडेमोड केलेलीच नाही, वेगळी रीत वापरलीय, ती तरी बघा, असा त्यानं आग्रह धरला. शेवटी कागद तपासला गेला. उत्तर बरोबर होतं.

इथून त्याचं नशीब फिरलं. तो शिकवायला लागला. गणिताचे प्राध्यापक बोस्यू दुसऱ्या पदावर गेले तेव्हा १७६९ मध्ये त्यांची जागा मोंजला मिळाली. वय बावीस. पुढच्याच वर्षी प्रायोगिक भौतिकशास्त्रही त्याच्याकडे आलं. ज्या शाळेत अधिकारी म्हणून त्याला प्रवेश नव्हता, तिथे भावी अधिकारी आता त्याच्यासमोर बसून शिकत होते. पुढे क्रांतीच्या काळात फ्रान्सच्या सैन्याची घडी बसवणारा लाझार कार्नो हा त्यांच्यातलाच एक.

एक बंधन मात्र होतं. ही पद्धत लष्करी गुपित मानली गेली. शाळेच्या भिंतींबाहेर ती शिकवायची नाही, छापायची नाही. मोंजला जवळजवळ पंचवीस वर्षं आपला सगळ्यात मोठा शोध तोंडातच ठेवावा लागला.

नेमकी रीत काय होती?

वरून दिसणारं चित्र आणि समोरून दिसणारं चित्र काढण्याची कल्पना मोंजची नव्हे. गवंडी, सुतार, पाथरवट शतकानुशतकं तसं करतच होते, आणि जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनंही अशी जोडचित्रं वापरली होती. पण प्रत्येक धंद्याच्या आपापल्या युक्त्या होत्या. कमानीची वेगळी, जिन्याची वेगळी, छपराची वेगळी. त्या का चालतात हे विचारायचं नाही, उस्तादानं दाखवलं तसं करायचं.

मोंजनं या सगळ्याच्या खालचं एकच तत्त्व वर काढलं. एक आडवा पाट आणि एक उभा पाट घ्या, एकमेकांना काटकोनात. वस्तूच्या प्रत्येक बिंदूची एक सावली सरळ खाली आडव्या पाटावर पाडा, दुसरी सरळ मागे उभ्या पाटावर. मग उभा पाट बिजागरीवर फिरवावा तसा मागे पाडून सगळं एका सपाट कागदावर आणा. आता त्या बिंदूची जागा पक्की झाली. एका चित्रात लांबी-रुंदी, दुसऱ्यात उंची. दोन सावल्या मिळून अवकाशातला एकच बिंदू सांगतात.

आता आपला मूळ प्रश्न. पाण्याच्या एका जाड उभ्या पाइपमध्ये एक बारीक आडवा पाइप शिरतोय. दोघं भेटतात ती रेषा कशी काढायची?

मोंज सांगतो, दोघांनाही एकाच वेळी कापणारी एक सपाट पातळी कल्पा. समजा आडवी पातळी घेतली. ती उभ्या पाइपला कापते तिथे वर्तुळ मिळतं. आडव्या पाइपला कापते तिथे दोन समांतर सरळ रेषा मिळतात. वर्तुळ आणि सरळ रेषा काढायला कंपास आणि पट्टी पुरे. त्या जिथे एकमेकांना भेटतात ते बिंदू दोन्ही पाइपांवर आहेत, म्हणजेच छेदरेषेवर आहेत. मग पातळी थोडी वर न्या, पुन्हा कापा, पुन्हा बिंदू घ्या. असे दहा-बारा बिंदू जमले की ते हातानं जोडा. झाली रेषा तयार.

यातली खरी हुशारी पातळी निवडण्यात आहे. तिरकी पातळी घेतली तर लंबवर्तुळं निघतात आणि काम वाढतं. वस्तूकडे नीट बघून अशी पातळी घ्यायची की काप नेहमी सोप्या आकाराचे यावेत. जिथे सपाट पातळीनं भागत नाही तिथे मोंज चक्क गोल वापरतो. दोन फिरत्या आकारांचे अक्ष एकमेकांना भेटत असतील, तर त्या भेटीच्या बिंदूवर केंद्र ठेवून गोल काढायचा. तो दोघांनाही वर्तुळातच कापतो.

दोन पाइप सारख्याच जाडीचे असतील आणि अक्ष काटकोनात भेटत असतील, तर बाजूनं पाहताना ती वळणदार छेदरेषा अगदी सरळ, तिरक्या रेघांसारखी दिसते. टी-जॉइंट बनवणाऱ्या पत्रेवाल्यांना हे सवयीनं माहीत असतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंटरसेक्शन ऑफ सॉलिड्स हा धडा ज्यांनी रात्र रात्र जागून काढलाय त्यांनाही हे आठवेल. ती रात्र मोंजच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

प्रयोगशाळा, भट्टी आणि मंत्रालय

१७७७ मध्ये मोंजनं कातरीन युआर या तरुण विधवेशी लग्न केलं. तिच्याकडे पहिल्या नवऱ्याची लोखंडाची भट्टी होती. गणिताचा हा प्राध्यापक त्या भट्टीत रमला आणि धातुशास्त्र शिकला. १७८६ मध्ये बर्थोले आणि वांदेरमोंद यांच्याबरोबर त्यानं बीड, लोखंड आणि पोलाद यांतल्या फरकावर निबंध लिहिला. हा फरक कार्बनमुळे पडतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

मधल्या काळात तो विज्ञान अकादमीत निवडून गेला, नौदलाच्या उमेदवारांचा परीक्षक झाला. हायड्रोजन जाळून पाणी तयार होतं हे त्यानं लॅव्हॉझिएच्या सुमारासच, पण स्वतंत्रपणे दाखवलं. क्लुए या सहकाऱ्याबरोबर सल्फर डायऑक्साइड वायूचा द्रव करून दाखवला. मातीचे ढीग इथून उचलून तिथे टाकायचे तर कमीत कमी श्रमात कसे, यावर १७८१ मध्ये त्यानं लिहिलेला निबंध आज गणिताच्या एका अख्ख्या शाखेची सुरुवात मानला जातो. यातलं कोणतंही एक काम दुसऱ्या एखाद्याचं नाव राखायला पुरलं असतं.

१७८९ मध्ये क्रांती झाली. जन्मावरून दारं बंद होण्याचा अनुभव घेतलेला माणूस कोणाच्या बाजूनं उभा राहणार हे उघड होतं. ऑगस्ट १७९२ मध्ये तो नौदलमंत्री झाला. हे काम त्याला जमलं नाही, हे मान्य करायला हवं. आठ महिन्यांत त्यानं पद सोडलं. पण राजा सोळावा लुई याला जानेवारी १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं तेव्हा शिक्षेची अंमलबजावणी करणाऱ्या मंत्रिमंडळात मोंज होता. हे कोणी विसरणार नव्हतं.

फ्रान्सवर चहूकडून चढाई झाली आणि तोफा, बंदुका, दारूगोळा कमी पडू लागला, तेव्हा मात्र खरा मोंज दिसला. भट्टीवरचं शिक्षण आता कामी आलं. तबेल्यांतल्या आणि तळघरांतल्या मातीतून सोरा काढणं, चर्चच्या घंटा वितळवून धातू मिळवणं, तोफा ओतणं अशा कामांत तो बुडाला. कारागिरांसाठी तोफा बनवण्याचं सविस्तर पुस्तक लिहिलं, ड्रॉइंग्जसकट. दिवसभर कारखान्यांत फिरायचं आणि रात्री लिहायचं असा क्रम.

या धावपळीत त्याला एक गोष्ट जाणवली. नवीन माणसं कामाला लावायची तर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घालवायला वेळ नाही. कागदावरचं ड्रॉइंग वाचून ज्याला काम करता येईल असा कामगार हवा, आणि ज्याच्यात शंकेला जागा नाही असं ड्रॉइंग काढणारा इंजिनिअर हवा. दोघांची भाषा एकच हवी. ती भाषा तर लष्कराच्या कुलपात पडून होती.

कुलूप उघडलं

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये सार्वजनिक बांधकामाची एक केंद्रीय शाळा निघाली. तिच्या उभारणीत मोंजचा मोठा वाटा. प्रवेश परीक्षेवर, बापाच्या नावावर नाही. पुढच्या वर्षी तिचं नाव एकोल पॉलिटेक्निक झालं. आज गावोगावी जी पॉलिटेक्निक दिसतात त्यांच्या पाटीवरचा शब्द या शाळेतून आलेला आहे.

त्याच सुमारास, १७९५ च्या सुरुवातीला, शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या एकोल नॉर्मालमध्ये मोंजनं आपली पद्धत पहिल्यांदा उघडपणे शिकवली. देशभरातून आलेली माणसं समोर बसली होती. लघुलेखक शब्दन् शब्द टिपून घेत होते. त्या टिपणांवरून त्याचा शिष्य हाशेत यानं १७९९ मध्ये पुस्तक काढलं. विषयाचं नाव वर्णनात्मक भूमिती.

मोंज वक्ता म्हणून फार मोठा नव्हता, पण त्याचे हात बोलायचे. हवेत हात फिरवून तो पृष्ठभाग उभे करायचा, एकात दुसरा घुसवायचा, आणि विद्यार्थ्यांना ती रेषा दिसायला लागायची, अशी आठवण त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलीय.

तिथून ही भाषा जगभर गेली. नेपोलियनच्या सैन्यात लढलेला, पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला क्लॉड क्रोझे अमेरिकेत वेस्ट पॉइंटला गेला आणि तिथे त्यानं ती शिकवली. अमेरिकेनं पुढे चित्रांची मांडणी बदलून थर्ड अँगल घेतला. युरोपात आणि भारतात फर्स्ट अँगल राहिला. परदेशी ग्राहकाचं ड्रॉइंग हातात आल्यावर आधी कोपऱ्यातलं चिन्ह बघावं लागतं ते यामुळेच.

नेपोलियनचा मित्र

१७९६ मध्ये मोंज इटलीला गेला, जिंकलेल्या मुलखातली चित्रं आणि शिल्पं निवडून फ्रान्सला पाठवण्यासाठी. सरळ सांगायचं तर ही लूटच होती, आणि त्याला तिचं फारसं वाईट वाटल्याचं दिसत नाही. तिथेच तरुण सेनापती नेपोलियन बोनापार्टशी त्याची मैत्री जमली. १७९८ मध्ये तो त्याच्याबरोबर इजिप्तला गेला आणि कैरोत स्थापन झालेल्या संस्थेचा अध्यक्ष झाला. वाळवंटात तहानेल्या सैनिकांना पाण्याचे भास होत होते. जमिनीलगतच्या तापलेल्या, विरळ हवेमुळे प्रकाश वळतो आणि मृगजळ दिसतं, हे मोंजनं तिथे मांडलं.

परतल्यावर मान-मरातब आले. तो सिनेटर झाला, १८०८ मध्ये काउंटही झाला. ज्या उमरावशाहीनं त्याला दारात अडवलं होतं, तिचीच नवी आवृत्ती त्यानं आनंदानं अंगावर घेतली, असं म्हणायला जागा आहे. पण नेपोलियननं पॉलिटेक्निकमध्ये फी लावली तेव्हा गरीब मुलांसाठी आपलं तिथलं मानधन देणाराही हाच काउंट होता.

१८१५ मध्ये वॉटर्लू झालं आणि बुर्बों राजे परत आले. १७९३ ची आठवण त्यांच्याकडे ताजी होती. १८१६ मध्ये मोंजचं नाव विज्ञान अकादमीतून काढून टाकलं. कार्नोचंही काढलं. मोंजच्या जागी निवडणूक न घेता सरकारी हुकमानं तरुण गणिती कोशी याला बसवण्यात आलं, आणि त्यानं ती जागा घेतली. कोशी मोठाच गणिती होता, पण हे अनेक सहकाऱ्यांच्या मनातून गेलं नाही.

मोंज खचला होता, आजारी होता. शेवटची वर्षं त्याचं भानही हरपत गेलं. २८ जुलै १८१८ रोजी तो पॅरिसमध्ये वारला.

पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी अंत्ययात्रेला जाण्याची परवानगी मागितली. सरकारनं ती नाकारली. मित्र बर्थोले थडग्यापाशी बोलला, मुलं शाळेतच राहिली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, जेव्हा बाहेर जायला कोणाची परवानगी लागत नव्हती, ती सगळी मिळून पेर लाशेज दफनभूमीत गेली आणि थडग्यावर फुलांचं चक्र ठेवून परत आली.

१९८९ मध्ये, क्रांतीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सनं त्याच्या अस्थी तिथून काढून पॅन्थिऑनमध्ये नेल्या.